दोनच पेट्या जाळ

ताईच्या चाळीस मधपेट्यांपैकी दोन पेट्यांत अळ्या सडवणारा रोग निघाला, तेव्हा तिने पहिला फोन धाकट्या बहिणीला केला. धाकटी प्रयोगशाळेत रोगांच्या फैलावाची गणितं मांडायची. तिने दुपारभर समीकरणं सोडवली आणि कळवलं, "दोनच पेट्या जाळ. बाकीच्यांना धोका नाही."

ताईने त्या जाळल्या.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेत धाकटीचा सहकारी तिच्या टेबलाशी आला. त्याला सगळे मुंगीबुवा म्हणत, कारण तो समीकरणांच्या वाटेला जातच नसे. संगणकात एकेक माशी वेगळी सोडायची आणि ती कुठे जाते ते मुंगीच्या चिकाटीने बघत बसायचं, ही त्याची रीत.

"तुझं गणित सगळ्या माश्या एकाच पातेल्यात ढवळतं," तो म्हणाला. "पण पेटी आजारी पडली की शेजारच्या माश्या येऊन तिचा मध लुटतात. शंभर वेळा चालवून पाहिलं. अडतीस वेळा रोग रांगेत पसरला."

धाकटीने ताईला फोन लावला, ताईने उचलला नाही. पुन्हा लावला. खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. शेवटी गाडी काढून ती थेट ताईकडे पोचली.

"त्या रांगेतल्या आणखी चार जाळाव्या लागतील."

"परवा दोन, आज चार. उद्या मलाच जाळ!" ताई भडकली. "जिवंत आहेत गं त्या."

"माझं चुकलं, ताई."

ताईने तोंडावर जाळी ओढली. "आधी उघडून बघू."

अळीत काडी टोचून उचलायची. चिकट तार निघाली की रोग. चारांपैकी तीन पेट्या स्वच्छ होत्या, चौथीत तार निघाली. धाकटीला तेवढ्याने चैन पडेना. तिने सगळ्या पेट्या उघडायला लावल्या. पार टोकाच्या पेटीतही तार निघाली. ही पेटी ना तिच्या गणितात होती, ना मुंगीबुवाच्या.

ताईने काडी खाली ठेवली. "मीच आणला गं. ही अशक्त होती, म्हणून गेल्या महिन्यात, रोग कळण्याआधी, त्या जाळलेल्या पेटीतली अळ्यांची एक चौकट हिच्यात घातली."

"सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कुठे?"

दिवस मावळता माश्या परतल्या, तशा दोघींनी त्या दोन पेट्या जाळल्या.

उरलेल्या छत्तीस वाचल्या. पण ते कळायला दोन महिने गेले. तोवर धाकटी दर रविवारी येऊन पेट्या उघडत राहिली. ताई म्हणायची, "दोन मिनिटं टेक तरी!" ती टेकत नसे.