समोरच्या बागेची चावी

आमच्या वसमतच्या कॉलनीतल्या बागेत दारुडे बसायचे. म्हणून सगळ्यांनी मिळून फाटकाला कुलूप लावलं आन् चावी माझ्याकडं दिली, कारण माझं घर समोरच. सकाळ-संध्याकाळ हाक यायची, "सोजरामावशी, चावी!"

"जीव खाऊ नका रे!" म्हणून मी खेकसायची, पण माझ्या घराचं दार उघडंच ठेवायची.

मग कॉलनीवाल्यांनी पोलिसांसोबत पाळीपाळीनं गस्त घातली. दारुडे पळाले, बाग दिवसभर खुली झाली. समद्यांनी टाळ्या वाजवल्या, मीबी वाजवल्या. तवापासून माझ्या दारात काळं कुत्रंबी फिरकलं न्हाई.

काल दुपारी मी जाऊन फाटकाला कुलूप लावलं.

लगेच गस्तीवाले शेषराव तणतणत आले. "मावशी, कुलूप तुमीच लावलं व्हय? काहून?"

"सांगते की," मी म्हणले. "आधी बसा. चहा टाकते."