अमेरिकेचा पेपर

सालवडच्या त्या चाळीत एक रीत होती. कुणी घालून दिलेली नाही, पण कंपनीच्या भोंग्याइतकी पक्की. दाराच्या कडीला टॉवेल लटकत असला की समजायचं, आत रातपाळीचा माणूस झोपलाय. मग त्या दाराशी हाक मारायची नाही, मसाला कुटायचा नाही, भांडण असलं तर नळावर जाऊन भांडायचं. बोंबीलवालीसुद्धा त्या दारासमोरून तोंड मिटून जायची, आणि तिचं तोंड मिटणं ही काही सोपी गोष्ट नव्हती.

प्रेमलाच्या दाराला महिन्यातले निम्मे दिवस टॉवेल असे. नवरा शांताराम रंगाच्या कंपनीत, त्यामुळे टॉवेलही निळा पडलेला. तो आत झोपायचा आणि ती बाहेर ओट्यावर, पाय लांब करून, पायांवर आठ महिन्यांच्या आनंदाला निजवून, बाजूला पुस्तक उघडं ठेवून बसायची. बाहेरून बी. ए.ला बसली होती. बाकीचे पेपर कसेबसे पार पडले होते. राहिला होता तो प्राचीन अमेरिकेचा.

हा पेपर तिला आवडायचा. अंगात झोप इतकी साचलेली असायची की वाचता वाचता अक्षरं मुंग्यांसारखी पांगायची, तरी ती पहिल्या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा जायची. हजारो वर्षांपूर्वी आशियातून माणसं चालत चालत, बर्फाच्या कडेकडेने, त्या अफाट रिकाम्या मुलखात उतरली. शिकारीच्या मागावर गेली, असं पुस्तक म्हणत होतं. प्रेमला तिथंच अडायची. शिकारीच्या मागावर पुरुष गेले असतील. पण त्यांच्या मागून कुणीतरी बाई अंगावरचं पोर पाठीशी बांधून चालली असणार, आणि अजून किती चालायचंय हे तिला कुणी सांगितलं नसणार. पोर रडलं की ती कुठे टेकली असेल? पुस्तकात त्या बाईबद्दल एक ओळ नव्हती.

परीक्षेपुरती पोराला सांभाळायला सासू घिवलीहून आली होती. आल्या आल्या पिशवी टेकवायच्या आधी तिनं सांगून टाकलं होतं, "ही एवढी साल येते हां प्रेमले. पुढच्या साली नाय येणार. वाडीत माझ्याबिगर पान हलत नाय."

तिचा एक नेम होता. नातवाला न्हाऊ घालताना डोक्यावर तेल थापायचं आणि दोन्ही तळव्यांत धरून ते गोल करत बसायचं. आनंदा टाहो फोडायचा, तिच्या कानावर काही जायचं नाही.

"आई, तिकडचे माया लोकपण असंच करायचे," प्रेमला पाण्याचा तांब्या देत म्हणाली. "लहान पोराच्या कपाळाला फळी बांधायचे. कपाळ मागे चपटं व्हावं म्हणून."

"चपटं? ते कशाला?"

"त्यांना तसं देखणं वाटायचं."

"त्यांच्यात सासवा नव्हत्या वाटतं." सासूनं नातवाचं नाक चिमटीत धरून ओढलं. "असत्या तर गोल केलं असतं."

"सासवाच बांधत असतील फळ्या."

"मग सुना ऐकत तरी होत्या. तुमच्या पुस्तकात बरं लिवलंय."

गुरुवारी दुपारी पेपर. बुधवारी सकाळी शांतारामचा निरोप आला, बदलीचा माणूस आला नाही म्हणून तो डबल ड्यूटी करणार. सासू म्हणाली, "तू वाच. मी याला घेऊन बहिणीकडे जाते, सांजेला येईन." कित्येक महिन्यांत पहिल्यांदा घर रिकामं झालं. प्रेमला पुस्तक घेऊन बसली, तोच शेजारची झुंबर वाटीभर साखर मागायला आली आणि बसून राहिली. ती उठली तर कोपऱ्यावरची मंगला, आपल्या जावेचं गाऱ्हाणं घेऊन.

मंगला गेल्यावर प्रेमलानं वलणीवरचा निळा टॉवेल काढला आणि कडीला अडकवला. आत नवरा नसताना टॉवेल लावणं म्हणजे अख्ख्या चाळीला फसवणं. तिला ते ठाऊक होतं. तिनं आतून दार लावून घेतलं.

मग ती वाचत सुटली. इंका लोकांचे डोंगरातले रस्ते, दोऱ्यांच्या गाठींत ठेवलेला हिशेब, चाकाच्या गाडीवाचून उभी केलेली शहरं, कपाळाला पट्टा लावून पाठीवर वाहिलेली ओझी. दुपारी दाराशी चपला वाजल्या, जरा थांबल्या, परत गेल्या. दुपार कलल्यावर पुन्हा कुणीतरी आलं. प्रेमला श्वास रोखून बसली. आल्या पावली ते माणूस गेलं, तसं तिला हसूच आलं.

दुसऱ्या दिवशी पोराला पाजून ती एस.टी.नं पालघरला पोचली तेव्हा पेपरला चांगला अवकाश होता. कॉलेजच्या फाटकातून मुली हातात प्रश्नपत्रिका घेऊन बाहेर पडत होत्या. त्यांत सुलू होती. बोईसरला शिवणक्लास चालवणारी, तिच्यासारखीच बाहेरून बसलेली.

"कुठे होतीस तू?" सुलू म्हणाली.

"आहे ना वेळ. अडीचचा पेपर."

सुलूनं कपाळाला हात लावला. "सकाळी झाला. परवा बोर्डावर लागलं, दुपारचे पेपर सगळे सकाळी घेणार म्हणून. मी काल आले होते गं सांगायला. दोनदा आले. दाराला टॉवेल. मागे तुझ्या मिस्टरांची झोप मोडली तर किती बोलले होते मला. म्हटलं, कळलं असेल तुला कुणाकडून." तिचे डोळे भरून आले. "एक हाक मारायला हवी होती मी."

शांतारामवर ढकलून मोकळं होता आलं असतं. सुलूनंच तशी वाट करून दिली होती.

"ते घरात नव्हते," प्रेमला म्हणाली. "टॉवेल मीच लावला होता."

"तू? कशाला?"

"वाचायला."

सुलूनं पदरानं नाक पुसलं. "मग झालं वाचून?"

"सगळं."

"मी निम्मं सोडून आले," सुलू म्हणाली. प्रेमलानं तिच्या हातातली प्रश्नपत्रिका घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि घडी घालून परत दिली. छाती दुधानं ताठली होती. बस धरायला हवी होती.

सासू ओट्यावरच होती. "एवढ्यात आलीस? झाला?"

प्रेमलानं सांगितलं. टॉवेलसकट सगळं सांगितलं. सासूनं रडणारा आनंदा सुनेच्या मांडीवर दिला.

"पुढच्या साली मी नाय येणार बोलले, ते बोलले," ती म्हणाली. "वाडी सोडून नाय जमायचं."

"हो."

"पोराला घिवलीला आणून टाक. महिनाभर ठेवीन मी. तू हितं बसून वाच काय ते. मग टॉवेल लाव नायतर चादर लाव."

"महिनाभर? माझ्याशिवाय राहायचा नाही तो."

"तवर काय अंगावर पितोय का? चालायला लागंल, वाडीभर फिरंल. तुला विचारायचा पण नाय."

आनंदा पीत होता. एका मुठीत त्यानं तिचं मंगळसूत्र धरून ठेवलं होतं. प्रेमला हो म्हणाली, पण लगेच नाही. आधी त्याचं पोटभर पिऊन होऊ दिलं.