चौथीच्या रेघेचा चमत्कार

त्या रविवारी न्यू होप चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या खोलीत तळलेले कॅटफिश मासे निवून चालले होते, पण भूक कुणाला? समोरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ सरसर वर चढत होती.

"ही काय आहे?" डॉक्टर प्रेंटिस व्हॅली गरजले. डेल्टातल्या या गावची शाळा बुडत होती म्हणून राज्याच्या राजधानीतून आणलेला हा शिक्षणतज्ज्ञ.

"रेघ!"

"रेघ नव्हे, बंधूंनो, पुनरुत्थान! तुमची शाळा थडग्यात होती. चौथीतल्या दहांपैकी तिघांना वाचता येत होतं. आणि आज?"

"सांगा, डॉक्टर!"

"आज... दहांतल्या... आठांना!"

"आमेन!" ऑर्गनवाल्यानं सूर धरला आणि माणसं उभी राहून डोलायला लागली.

व्हर्लीन टॉलिव्हर बसूनच राहिली. सुरात गाऊन रंगवलेल्या प्रवचनावर तिचा जीव. खरा पाद्री सुरात चढला की तिचे डोळे वाहायचे. तोच सूर, तोच दम उसना घेऊन हा माणूस देवाच्या घरात रेघ विकत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेजारी नात बसली होती, जोनेल. ईस्टरला चर्चमधल्या प्रत्येक लेकरानं पुढे येऊन चार ओळी म्हणायच्या, ही इथली रीत. त्या बसवून घ्यायचं काम व्हर्लीनचं. यंदा कागद हातात दिला तर जोनेल नुसती बघतच राहिली. शेवटी आजीनं म्हणून म्हणून पाठ करून घेतलं. आणि जोनेल एकटी नव्हती.

"आजार बरा झाला," डॉक्टर म्हणाले, "मग औषध कशाला? वाचन शिकवणाऱ्या त्या जादा बाई पुढच्या वर्षी नकोत. त्यांच्या जागी माझा कार्यक्रम! हात वर करा, शाळेच्या बोर्डाला कळवू."

भराभर हात वर जायला लागले. व्हर्लीन उठली.

"डॉक्टरसाहेब, एक विचारू?"

"विचारा की, आजी. आकड्यांना भिऊ नका."

"भितंय कोण? इथली गाणारी मंडळी मी बसवते. बेसुऱ्यांना तोंड मिटून उभं केलं की गाणं गोड लागतं. पण म्हणून गायला शिकलं कोण?"

"माझ्याकडे बघू नकोस, व्हर्लीन!" चर्चचे कारभारी, डीकन एमोरी मागून ओरडले. हशा पिकला.

ती हसली नाही. "पोरांनो, गेल्या वर्षी तिसरीत होतात ना, ते सगळे पुढे या. ईस्टरला येता तसे."

मुलं रांगेत आली.

"यंदा चौथीची परीक्षा दिलेले, खाली बसा."

पहिलं बाक भरलं. बाकीची उभीच.

"तू गं, शाळेत कुठं बसतेस?"

"परत तिसरीत, आजी," जोनेल पुटपुटली.

"आणि तू, डेव्हॉन?"

"शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत. कच्च्या मुलांना तिथंच बसवतात. आम्हाला परीक्षा नसते."

बाकांवरचे आईबाप एकमेकांकडे बघायला लागले. घरोघरी वाटत होतं, आपलंच पोर मागे पडलं. लाजेनं कुणी कुणाला बोललं नव्हतं. व्हर्लीनसुद्धा नाही.

"हा बघा तुमचा चमत्कार!" तिनं उभ्या मुलांकडे बोट केलं. "यांना वाचायला शिकवलं नाही. चौथीच्या दारातच अडवलं. मग उरलेल्यांची गोळाबेरीज मांडली. रेघ चढेल नाही तर काय!"

"सिस्टर, श्रद्धा ठेवा..."

"ती देवावर आहे, तुमच्यावर नाही! माझ्या नातीला पुसून टाकता आणि वर मलाच टाळ्या वाजवायला सांगता?"

डॉक्टरांनी घाम पुसला. एमोरी उठले. "मग व्हर्लीन, हे आकडेबिकडे फेकूनच द्यायचे का?"

"का म्हणून? आकड्यांनी काय घोडं मारलंय? मोजा ना! जोनेलला शाळा सुरू होताना किती वाचता येत होतं, सुट्टी लागताना किती येतं, ते मोजा. पण दोन्ही वेळा तीच मुलगी धरा. आणि एकही लेकरू गाळू नका. मेंढपाळ मोजतो ते हरवलेलं शोधायला, हाकलून द्यायला नव्हे."

कुणीतरी पडदा बंद केला. वर गेलेले हात केव्हाच खाली आले होते.

"आता मी विचारते. वाचनाच्या बाई राहू द्यायच्या?"

सगळ्यात आधी डेव्हॉनच्या आईचा हात वर गेला. मग एमोरींचा. मग मोजायची गरजच उरली नाही.

"बोर्डाला हे कळवा," व्हर्लीन म्हणाली. "आणि यापुढे कुणी असला आकडा घेऊन आला, तर आधी एवढंच विचारा. यात कोण नाही?"