मास्तरांचा फोटो उतरेना

प्रशिक्षक मास्तरांना फुटबॉल क्लबने नारळ दिल्याला पंधरवडा उलटला आणि चाहत्यांच्या मंडळाची बैठक भरली. बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांना टेकून. सायकलचं दुकान चालवणारी वहिनी हाताचं ग्रीस धड न पुसताच आली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. तिचं डोकं येतानाच तापलेलं होतं.

मंडळाची एक रीत होती. प्रशिक्षक गेला की भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवण्याआधी प्रत्येकाने त्याचा एक गुण आणि एक दोष सांगायचा. एक जण जरी बाकी असला तरी फोटोला हात लावायचा नाही. पूर्वी एकदा कुणीतरी घाई केली होती, आणि त्याच मोसमात संघ खालच्या गटात घसरला. तेव्हापासून या बाबतीत मंडळ कुणाच्या बापाचं ऐकत नसे. नव्या प्रशिक्षकाचा फोटो फ्रेम करून टेबलावर तयार होता. रविवारी त्याचा पहिला सामना होता.

सुरुवात चष्मेवाल्याने केली. हा मंडळाचा सचिव, शिवाय मैदानाची किल्लीही याच्याच खिशात. "गुण म्हणाल, तर बचाव असा बांधला की मुंगी आत शिरायची नाही. दोष म्हणाल, तर समोरच्यांच्या गोलमध्ये आपलीही मुंगी कधी शिरली नाही. शून्य-शून्य बघून बघून माझाच नंबर वाढला हो!"

सगळे हसले. वहिनी हसली नाही. परवापरवापर्यंत हाच माणूस स्टँडमध्ये उभा राहून 'मास्तर, घरी जा' म्हणून घसा फोडत होता. आता तोच त्यांचे गुण गात होता. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं बोलायला काय पैसे पडतात, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

बेकरीवाला म्हणाला, "शिस्तीचा माणूस. उशीर झाला तर कप्तानालाही बाहेर उभं करायचा. पण हट्टी! आपण गोलाने मागे असलो तरी बदली खेळाडू काढायचा नाही. जशी काही पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली कपबशी!"

मग वहिनीचा धाकटा दीर उठला. सामन्यात ड्रम बडवायचं काम याचं, त्यामुळे साधं बोलणंही ठणाणा. "हरल्यावर मास्तरांनी कधी खेळाडूंवर ढकललं नाही, सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. हा गुण. आणि दोष हा, की नको तिथे लक्ष. गुरुवारी अख्खं मैदान मुलींना दिलं! त्या वेळात आपल्या पोरांनी पेनल्टीचा सराव केला असता, तर सेमीफायनल हातची गेली नसती."

"लाखातलं एक बोललास," चष्मेवाला म्हणाला. "म्हणून तर आता मी गुरुवारी कुलूपच लावतो. गवतालाही जरा विश्रांती."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची चिंगी त्या मुलींची गोलकीपर होती. मास्तर गेल्यापासून पोरगी दर गुरुवारी हातमोजे चढवून जायची, बंद गेटसमोर उभी राहायची आणि अंधार पडायच्या आत मुकाट्याने परत यायची.

"भावोजी," ती म्हणाली, "तो पेनल्टीचा चेंडू तुमच्या स्ट्रायकरने आकाशात मारला. तेव्हा माझी चिंगी त्याचा पाय धरून बसली नव्हती."

"वहिनी, मी चिंगीबद्दल कुठे बोललो?"

"मग कुणाबद्दल बोललात? गवताबद्दल? सख्खी पुतणी आहे ती तुमची!"

दीर खाली बसला. चष्मेवाल्याने घसा खाकरला. "वहिनी, तुमचीच पाळी राहिली आहे. एक गुण, एक दोष सांगा, की मोकळे झालो."

"गुण सांगते. मुलींनाही पाय असतात, हे या क्लबात फक्त त्या माणसाच्या लक्षात आलं. चेंडू आला की माझी पोर डोळे मिटायची. आता झेप घेते."

"वा वा! आणि दोष?"

"दोष आहे. मोठा आहे. पण आज नाही सांगणार. गुरुवारी गेट उघडा, मग सांगते."

बेकरीवाला काकुळतीला आला. "अहो, काहीही सांगा. मिशी वाईट होती म्हणा, चालेल!"

"मिशी चांगली होती."

"ही अडवणूक आहे, वहिनी!" चष्मेवाला ओरडला.

"आणि कुलूप लावणं म्हणजे काय, पाहुणचार?" एवढं बोलून ती उठली. फोटोतले मास्तर भिंतीवर होते तिथेच राहिले.

दुकानात चिंगी हातमोज्याच्या भोकाला ट्यूबचं ठिगळ लावत बसली होती. वहिनीने तिला सगळं सांगितलं. सांगता सांगता पुन्हा चिडली.

"काय दोष सांगणार होतीस?" चिंगीने विचारलं.

"काय म्हणजे? तू त्यांची वाट बघत कुलपासमोर ताटकळतेस, आणि हा माणूस साधा निरोपही न घेता चालता झाला! असं वागतात लेकरांशी?"

"मी कुठे त्यांची वाट बघते?" चिंगी म्हणाली. "ते सांगून गेले आम्हाला. म्हणाले, कुलूप लागेल. तरी दर गुरुवारी येऊन उभ्या राहा. नाहीतर हेच लोक म्हणतील, मुलींनाच खेळायचं नव्हतं."

"मग बाकीच्या पोरी?"

"पहिल्या गुरुवारी सगळ्या आल्या होत्या. मागच्या वेळी मी एकटीच होते."

वहिनीने तोंडात घोळवून ठेवलेला दोष तर खोटा निघाला होता.

गुरुवारी तिने दुकानाचं शटर ओढलं आणि गेटपाशी चिंगीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने चष्मेवाला पुटपुटत आला. मागे बेकरीवाला, त्याच्याही मागे दीर. कुलूप निघालं, चिंगी धावत गोलकडे गेली.

"झालं समाधान?" चष्मेवाला म्हणाला. "आता सांगा दोष. रविवार तोंडावर आलाय."

"सांगते," वहिनी म्हणाली. "इथे उभं राहायला त्यांनी पोरींना सांगितलं. तुम्हाला नाही सांगितलं, यांना नाही, मलाही नाही. आपल्यातलं कुणी येणार नाही, असंच धरून चालले ते. आता हा दोष त्यांचा म्हणायचा की आपला, तुम्हीच ठरवा. आणि मग उतरवा फोटो."

गोलमधून चिंगीची हाक आली, "काका, चेंडू मारायला कुणीच नाही!"

दिराने चपला गेटपाशी काढल्या आणि तो आत गेला.