मुरघासावरचा मंडप

आदल्या दिवशी बाबा मुरघासाचा, म्हणजे हिरवा चारा दाबून मुरवायचा, खड्डा भरत होते. तेलगावच्या आमच्या घरामागे मक्याची कुट्टी पडत होती आणि ट्रॅक्टर तिच्यावर पुढेमागे फिरत होता. कडांना चाक पोचत नाही, म्हणून तिथे बाबा स्वतः पायांनी तुडवत होते. निवृत्त मास्तरांनी या वयात एवढं नाचू नये, असं आई म्हणाली. विर्तानेनही नाचला असता, असं उत्तर आलं.

हा विर्तानेन आमच्या घरात दूरच्या चुलत्यासारखा वावरायचा. फिनलंडचा रसायनशास्त्रज्ञ, १९४५चा नोबेल मिळवलेला. तिकडे लांबलचक हिवाळ्यात गुरं गोठ्यात असतात आणि साठवलेला हिरवा चारा खराब व्हायचा. त्यावर विरल आम्ल शिंपडलं तर तो कुजत नाही, हे त्याने दाखवलं. आपल्याला आम्ल ओतावं लागत नाही, बाबा कॉलेजात सांगायचे. दाबून हवा काढा, आत जिवाणू स्वतःच आम्ल करतात. "त्याच्याकडं बर्फ, आपल्याकडं ऊन. गाईला दोन्हीकडं हिरवंच लागतं."

संध्याकाळी काळं प्लास्टिक अंथरून त्यावर माती टाकली. बाबांनी पाय धुतले, भाकरी खाल्ली, बातम्या बघता बघता पेंगले. सकाळी ते उठले नाहीत.

पाचव्या दिवशी जलदान विधीला माणसं फार येणार होती. अंगण पुरेना, म्हणून मंडप घरामागे वाढवला. बाबांचे सहकारी माइकवर बोलत असताना माझं लक्ष मागच्या दोरीकडे गेलं. ती जिला बांधली होती ती लोखंडी खुंटी खड्ड्यावरच्या मातीत ठोकलेली होती. खाली प्लास्टिक होतं.

शेजारी सुंदरराव बसले होते. त्यांना मुरघास बाबांनीच शिकवला. मी बोटाने दाखवलं तशी त्यांनी मंडपवाल्याला खूण करून बोलावलं.

"कवा ठोकली बे ही?"

"काल सांजच्याला. माती मऊ लागली."

म्हणजे रात्रभर हवा आत जात होती. अशी जात राहिली तर चारा आतून गरम होऊन बुरशी धरणार. गाईंसाठी विकतचा चारा आणता आला असता. पण बाबांच्या पायांनी केलेलं शेवटचं काम उकिरड्यावर टाकायची माझी तयारी नव्हती.

सुंदरराव हळूच म्हणाले, कार्यक्रम होऊ द्या, लेकीनंच मधून उठलं तर लोक नावं ठेवतील. मी आईकडे पाहिलं. पांढऱ्या साडीत ती फोटोसमोर बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"जा," ती म्हणाली. "भाषणं काय, लोक करतेतच."

दोरी सोडली तसा मंडपाचा कोपरा खाली आला आणि चौघांनी बांबू धरून ठेवला. माइकवरचे सहकारी क्षणभर थांबले, मग पुढे बोलू लागले. खुंटी उपसून मी आत हात घातला. गरम होतं. गरम लागली तेवढी कुट्टी काढून टाकली, गार लागल्यावर थांबले. सुंदररावांनी त्यांच्या शेतातली ताजी कुट्टी पोत्याने आणवली. ती भरून मी चप्पल काढली आणि त्या जागेवर उभी राहून तुडवत राहिले. माझ्या पांढऱ्या साडीला हिरवे डाग पडले. मग प्लास्टिकचं ठिगळ, त्यावर चिकटपट्टी, वर चिखल.

"आता उन्हाळ्यापर्यंत हात लावू नका, ताई," सुंदरराव म्हणाले. "उघडल्यावर पहिली मूठ सर नाकाला लावतेत. वासावरूनच सांगतेत, जमलं का न्हाई ते."

'लावतेत' म्हणून गेल्याचं लक्षात आलं तसे ते माझ्याकडे बघेनात.

त्या सकाळी नातेवाइकांना फोन माझा भाऊ अनिल करत होता. माझ्या वाट्याला आलेल्या फोनवर मी 'लवकर या' एवढंच म्हटलं होतं. पुढचं समोरच्याने ओळखायचं. आईपाशीसुद्धा मी ते वाक्य उच्चारलं नव्हतं. मंडपात त्रिसरण सुरू झालं. माझे पाय अजून चिखलात होते.

"बाबा गेले," मी मोठ्याने म्हणाले. "उन्हाळ्यात खड्डा मी उघडीन, काका. वास मी घेईन."