पहिली दोरी कोणी ओढायची

मल्हारगंजच्या गल्लीत गजाननने पिंप भरलं आणि त्याच्या काठाला नावेचं इंजिन आवळलं. पाण्यावाचून हे इंजिन चालवलं तर जळतं, आणि तलाव तर लांब.

कापडाची मिल चालू होती तेव्हा गजानन तिथे फिटर, चिंतामण विणकर. मिलला कुलूप लागलं. गजाननने हे दुरुस्तीचं दुकान टाकलं, चिंतामण तलावावर अरविंद ठेकेदाराच्या नावेवर लागला. दोरी ओढून इंजिन सुरू करायचं, लोकांना फिरवून आणायचं. आज दोघं इंजिन घेऊन आले होते, आणि चिंतामणचा अंगठा सुजून वांग्यासारखा झाला होता.

गजाननने वरचं चाक काढून खालची प्लेट पाहिली.

"टायमिंग इतकं पुढे कोणी घेतलं?"

"मीच घ्यायला लावलं," अरविंद म्हणाला. "संडेची पब्लिक आहे, भिया. नाव उडाली पाहिजे."

"ठिणगी वेळेआधी पडते, चाक उलटा झटका देतं, दोरी हात ओढून नेते. आज अंगठा गेला, उद्या मनगट जाईल."

"याला आदत नाही. कपडा मिलवाला माणूस, दम लावत नाही."

चिंतामण कसनुसं हसला. "जाऊ दे रे गजा. चालतंय."

त्या हसण्यानेच गजाननचं डोकं फिरलं. सूत तुटावं आणि डोळा लवायच्या आत सांधलं जावं, अशी ती बोटं. त्यांना आता कोणीही दम शिकवावा? मिल बंद करणारेही हेच म्हणाले होते, जमाना बदलला, तुम्ही बदला. दर वेळी आम्हीच का?

त्याने प्लेट मागे सरकवायला हात घातला.

"हात नको लावू," अरविंद म्हणाला. "फक्त कचरा साफ कर."

गजाननने कचरा काढला, चाक बसवलं, हात पुसले.

"मिलमध्ये एक रीत होती, अरविंदजी. मशीन ज्याच्या सांगण्यावरून सेट झालं, पहिल्यांदा त्यानेच चालू करायचं. विणकर लांब उभा. घ्या, ओढा."

अरविंदने दोरीकडे पाहिलं. मग त्या अंगठ्याकडे.

"हे काय माझं काम आहे? चिंतामण, चल."

चिंतामण पुढे झाला. हात दोरीच्या मुठीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"तुम्ही एकदा ओढा," तो हळूच म्हणाला. "मग मी रोज ओढीन."

समोरचा चहावाला फिसकन हसला. अरविंदचे कान लाल झाले. त्याने इंजिन सोडवायला लावलं, होतं तसंच रिक्षात टाकलं.

"उद्यापासून येऊ नको. मिलवाले गल्लीगल्लीत पडलेत, छप्पन मिळतील."

रिक्षा वळली.

"बरं केलंस," गजानन म्हणाला. "हात तरी वाचला."

"वाचला ना," चिंतामण म्हणाला. "आता या हाताला काम दे."