कडू गोळीची सावड

शिदूच्या लेकीला, चिंगीला, जुळं झालं ते साल एकोणीसशे चौसष्ट. तिकोणा पेठेजवळच्या ठाकरवाडीत बारसं दणक्यात झालं, आणि आजोबा मात्र लोणावळ्याच्या वरच्या अंगाला, झाडीतल्या क्षयाच्या दवाखान्यात, अकरा नंबरच्या खाटेवर पडून. पडून आपलं नावाला. ताप उतरला होता, खोकला आटोक्यात आला होता आणि अंगात जुना वांडपणा परत भरला होता. पण थुंकी स्वच्छ आल्याशिवाय घरी सोडत नव्हते. म्हणून शिदू खाटेवर बसून दिवसभर कुणाची ना कुणाची खोडी काढायचा.

बारा नंबरच्या खाटेवर इंदुरीचा सोपान होता. घरी भाताची खाचरं, गळ्यात तुळशीची माळ, चार यत्ता शिकलेला. तो भिंतीकडे तोंड करून निजायचा. ताट यायचं तसं जायचं. बायको सरुबाई दर रविवारी भाकरी-पिठलं बांधून आणायची आणि विचारायची, "चंपीचं लगीन वैशाखात धरू का?"

सोपान भिंतीला सांगायचा, "धरा. मी कुटं आसनार हाय तवा."

छातीचा रोग हटत होता, असं डॉक्टर म्हणत. पण खात नाही त्या माणसाला औषध तरी किती पुरणार? वजन घटत चाललं होतं. शिदूला याचं वाईट वाटायचं. पहिल्या आठवड्यात त्याला रक्ताची गुळणी आली होती, तेव्हा याच सोपाननं उठून त्याचं डोकं धरलं होतं. शिदू ते कुणाला बोलला नव्हता. विचारलं तर म्हणायचा, "ही खाट रिकामी झाली तर नवा कोन घोरणारा यील, त्याचा काय नेम."

दिवाळी झाल्यावर पुण्याहून एक डॉक्टरीणबाई येऊ लागल्या. लांबलेल्या दुखण्यात मन खचतं, ते गोळीनं वर येतं का, हे त्यांना पाहायचं होतं. वीस उदास रोगी निवडायचे. दहांना खरी गोळी, दहांना तशीच दिसणारी नुसती साखरेची. कुणाला कुठली, हे बाईंनाही ठाऊक नाही. ते पुण्याला एका बंद पाकिटात.

हे सगळं शिदूच्या कानावरून गेलं. पण नर्स कस्तुराबाई पुढचं बोलली ते मात्र नीट ऐकू आलं. "जे यात येतील त्यांना रोज एक अंडं आणि पावशेर दूध जादा."

शिदू त्याच क्षणी उदास झाला.

बाई सतरा प्रश्नांचा कागद घेऊन बसल्या. उदास माणूस काय म्हणतो हे शिदूला कुठलं माहीत? पण नमुना शेजारीच होता. सोपान जे जे करायचा ते ते त्यानं आपल्या नावावर सांगितलं.

"झोप?"

"कोंबड्याच्या आदी डोळं उगडत्यात, बाई. मंग नुसता आढ्याकडं बगत ऱ्हातो."

"भूक?"

"भाकरी मातीवानी लागती." सकाळीच त्यानं तीन भाकऱ्या हाणल्या होत्या. कस्तुराबाईनं तोंडाला पदर लावला.

"रडू येतं?"

इथं शिदूला राहवलं नाही. "म्हस रवंथ करताना दिसली तरी येतं."

बाईंनी तेही लिहून घेतलं. शिदूला अंडं लागू झालं. सोपानलाही झालं, पण तो माळकरी. त्याचंही अंडं शिदूलाच. रोजची दोन अंडी! जुळ्याचा आजोबा शोभत होता.

गोळ्या दिवसातून तीनदा. आठ दिवसांत शिदूच्या तोंडाला अशी कोरड पडली की थुंकीच्या भांड्यात टाकायला थुंकी येईना. सोपान तर आपली गोळी गादीखाली सारायचा. शिदूनं त्यातली एक काढली आणि आपल्या गोळीबरोबर चावून पाहिली. वरून दोन्ही गोड. पण सोपानची शेवटपर्यंत बत्तासा, आणि आपली आतून कडूजहर.

शिदू चावायचा थांबला. उघड होतं. जो म्हशीकडं बघून रडू येतं म्हणाला त्याला खरं औषध, आणि जो खरोखर मरायला टेकला त्याला बत्तासा.

"सोपानभाऊ, तोंड हिकडं कर."

"का?"

"माजी गोळी तू खा. तुजी मी खातो."

"मला कुनाचं फुकाट नको."

"फुकाट कुटं? सावड करू."

सावड म्हटल्यावर सोपाननं मान वळवली. मावळात भातलावणीला मजूर कोण लावतो? आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात वाकायचं, उद्या माझ्या. सावड घेतली की फेडायची. आजारी असो, सुतकात असो, फेडायचीच. सावड बुडवली असं इंदुरीत त्याच्या सात पिढ्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

"फेडू कशी?" सोपान म्हणाला. "अंडं मी तसंबी तुला देतोच. ती काय सावड न्हवं."

शिदूनं डोकं खाजवलं. "मंग मला अक्षरं शिकीव. चिंगीचं पत्तर येतं तर कस्तुराबाई वाचती, आन् निम्मं गाळती."

"या वयात? तुज्या डोक्यात शिरायचं न्हाई."

"तुज्या पोटात शिरंना, माज्या डोक्यात शिरंना. बगू कुनाचं आदी शिरतंय."

त्या दिवसापासून गोळ्यांची अदलाबदल सुरू झाली. कस्तुराबाईची पाठ वळली की तळहातावरून तळहातावर. दुपारी सोपान उशीला टेकून बसायचा आणि सरुबाईनं आणलेल्या फुटक्या पाटीवर शिदूकडून गिरवून घ्यायचा. भिंतीकडे तोंड करून शिकवता येत नाही, त्यामुळे तो वळला तो वळलाच. शिदूचा 'श' पाहून पहिल्यांदा त्याच्या तोंडून शिवी गेली.

"ह्यो श हाय व्हय, भाड्या? ह्यो तर पाय मोडल्याला बैल!"

"बैल तर बैल, हुबा हाय न्हवं?"

तिसऱ्या आठवड्यात सोपाननं ताट पुसून खाल्लं. पाचव्यात तो सरुबाईला म्हणाला, "पिठल्यात मीठ लय झालंय." सरुबाई व्हरांड्यात जाऊन रडली. गेल्या सहा महिन्यांत नवऱ्यानं तिला नाव ठेवलं नव्हतं.

पण अशी गोष्ट खाटेपुरती राहते होय? बघता बघता सगळ्या वॉर्डात सावडी लागल्या. ज्यानं त्यानं आपली गोळी चावून पाहिली. गोडवाल्यानं कडूवाला गाठला. एक आठवडा कडू मी खायची, एक आठवडा तू. सगळं कसं चोख. कुणाला वाटलं नाही की यात काही वावगं आहे. उलट डॉक्टरीणबाई शहरातल्या, त्यांना गोळ्यांची वाटणी जमली नाही, ती आपण नीट करून घेतली, अशीच सगळ्यांची समजूत.

बारा आठवडे झाले. बाई आल्या त्या उतरल्या तोंडानं. पाकीट फोडलं होतं.

"काही उपयोग नाही," त्या कस्तुराबाईला म्हणाल्या. "दोन्हीकडचे सारखेच सुधारले. साखर आणि औषधात काही फरक दिसत नाही. आणि हे बारा नंबर पाहा, सगळ्यांत जास्त सुधारले, आणि ते साखरेवर होते! सोमवारपासून गोळी बंद."

शिदूनं सोपानकडे पाहिलं. तो पाटीवर 'चंपा' लिहून देत होता. लग्नाला दोन-तीन महिने राहिले होते. गोळी बंद झाली आणि हा परत भिंतीकडे वळला तर? आणि सांगितलं तर अंडी गेली. दोन्ही. कदाचित खाटही. शिदूनं दोन्ही अंड्यांना मनात रामराम केला.

"बाई, त्यो साखरंवर न्हवता. साखर म्या खाल्ली."

मग सगळं निघालं. सावड निघाली, चावलेल्या गोळ्या निघाल्या, म्हैससुद्धा निघाली. बाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"तुम्हाला कळतंय का काय केलंत? बारा आठवडे! वीस माणसं! एक आकडा धड राहिला नाही!"

"चुकलं, बाई."

"आणि तुम्ही मुळात उदास नव्हताच?"

"आत्ता झालोय."

कस्तुराबाईला हसू आवरेना. बाई खुर्चीत बसल्या. सतरा प्रश्नांचा गठ्ठा मांडीवर घेऊन त्यांनी बाराव्या खाटेकडे पाहिलं.

"हा माणूस उठला, हे तर खरं," त्या हळूच म्हणाल्या. "पण गोळीनं उठला का तुमच्या पाटीनं, हे मी आता कसं सांगू?"

"कशाला सांगायचं? दोनी चालू ठेवा की."

"असं शास्त्र नसतं, शिदूबाबा."

"नसंल. पर माणूस आसतंय."

बाईंनी तो सगळा अभ्यास रद्द केला, आणि का रद्द केला तेही खरं खरं लिहून पाठवलं. पुढच्या साली नवा मांडला. त्यात गोळी नर्ससमोर गिळायची आणि मग आ करून दाखवायचा. शिदूची अंडी बंद झाली. सोपानची गोळी मात्र बाईंनी उपचार म्हणून पुढे चालू ठेवली, आणि डिस्चार्ज होईपर्यंत पाटीकडे कानाडोळा केला.

वैशाखात सोपाननं चंपाचं कन्यादान केलं. शिदू पंगतीत होता. पत्रिका त्यानं स्वतः वाचली होती, सगळी, छापखान्याच्या नावासकट. पुढं दर महिन्याला दोघांची कार्डं चालायची. शिदू लिहायचा, "सोपानभाऊ, जेवतो का." सोपान त्याच कार्डावर लाल शाईनं चुका दुरुस्त करून परत पाठवायचा, खाली लिहायचा, "जेवतो. सावड फिटली नाही, तुझा श अजून लंगडाच आहे."

१९७१ च्या डिसेंबरात एक कार्ड आलं. अक्षर चंपाचं होतं. शिदूनं ते कुणाला वाचायला दिलं नाही, अंगणात बसून बोट फिरवत आपलं आपण वाचलं. सोपान दोन डिसेंबरला सकाळी इंदुरीत, आपल्या घरी, न्याहारी करून झाल्यावर वारला.